अनोळखी माणसाविषयी मत बनवताना

काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होतो. दुपारी चारच्या सुमारास आलेल्या उमेदवाराने उत्तरे नेमकी दिली, पण बोलताना तो सारखी मान खाली घालत होता, डोळे बारीक करत होता आणि नजरेला नजर देण्याचे टाळत होता. मी त्याच्या नावापुढे ‘काहीतरी लपवतो आहे’ असा शेरा मारला. सगळ्या मुलाखती आटोपल्यावर खाली पडलेला एक कागद उचलण्यासाठी मी उमेदवारांच्या खुर्चीपाशी गेलो, क्षणभर तिच्यावर टेकलो, आणि समोरच्या खिडकीतून येणारे उतरते ऊन थेट माझ्या डोळ्यांत शिरले. आम्ही समितीचे तिघेही खिडकीकडे पाठ करून बसलो होतो. मी शेरा खोडला. पण तोवर माझ्या बोलण्यावरून इतर दोघांनीही गुण कमी केले होते आणि ते पूर्ववत करून घेण्यासाठी मला बराच वेळ समजूत घालावी लागली.

परक्या माणसाचे वागणे आपल्याला दिसते. ते ज्या परिस्थितीतून आलेले असते ती बहुधा दिसत नाही, आणि ती रिकामी जागा आपण त्याच्या स्वभावाने भरून काढतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या चुकीला मूलभूत आरोपण-दोष असे नाव दिले. त्याआधी, १९६७ मध्ये, जोन्स आणि हॅरिस यांनी केलेल्या प्रयोगात लोकांना फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले होते. कोणती बाजू मांडायची हे लेखकाला नेमून दिले होते, असे स्पष्ट सांगूनही वाचकांनी निबंधातले मत काही अंशी लेखकाचेच मानले. म्हणजे परिस्थिती ठाऊक असली, तरी तिचा हिशेब आपण पुरेसा धरत नाही. म्हणूनच ‘यापुढे घाईने मत बनवणार नाही’ एवढा निश्चय पुरत नाही, त्यासाठी काही सवयी अंगी बाणवाव्या लागतात.

पहिली सवय म्हणजे जे पाहिले ते आणि त्यावरून जे ताडले ते वेगवेगळे लिहिणे. ‘उद्धट आहे’ हे निरीक्षण नव्हे. ‘मी बोलत असताना दोनदा फोनकडे पाहिले’ हे निरीक्षण आहे. कागदावर शक्य नसेल तर मनातल्या मनात वाक्य असे बदलून पाहावे. विशेषणाची जागा क्रियापदाने घेतली की तेच वागणे घडण्याची आणखी दोन-तीन कारणे सहज सुचू लागतात, हा माझा अनुभव आहे. ज्याने फोनकडे पाहिले, त्याच्या घरी कोणी आजारी असू शकते.

दुसरी सवय मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे परिस्थितीची चौकशी: हा माणूस घाईत आहे का, त्याला कोणाची भीती आहे का, या प्रसंगात त्याच्या वाट्याला कोणती भूमिका आली आहे आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाकडे आहे? घाईसारखी क्षुल्लक गोष्ट किती फरक पाडते, हे डार्ली आणि बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसते. प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना छोटे भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले होते आणि वाटेत दारापाशी एक माणूस विव्हळत पडलेला होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली. उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी केवळ १० टक्क्यांनी. काहींच्या भाषणाचा विषय तर जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधील कथा हाच होता, आणि त्यानेही लक्षणीय फरक पडला नाही. त्या दारापाशी उभे राहून आपण घाईने निघून जाणाऱ्याला पाहिले असते, तर त्याला निर्दय ठरवायला आपल्याला एक क्षणही पुरला असता.

चेहऱ्यावरून बनलेल्या मतावर फारसे विसंबू नये. विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवले की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी विश्वासार्हतेविषयी मत तयार होते, आणि जास्त वेळ दिल्यास मुख्यतः त्या मतावरचा आत्मविश्वास वाढतो. खोटे ओळखण्याच्या बाबतीतही तेच. बाँड आणि डीपॉलो यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा खरे-खोटे ओळखण्याची सरासरी अचूकता सुमारे ५४ टक्के निघाली. शंका आलीच तर नजर वाचत बसण्यापेक्षा पडताळता येईल असा तपशील विचारावा.

आता एका प्रचलित सल्ल्याविषयी. ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा’ असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यामागची भावना चांगली आहे. पण एयाल, स्टेफेल आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २५ प्रयोगांत अशा कल्पनेने दुसऱ्याच्या मनाविषयीचे अंदाज अधिक अचूक झाल्याचे आढळले नाही. त्या जागी जाऊन बसतो तो अखेर आपणच असतो. उपयोगी पडते ते थेट विचारणे. मात्र प्रश्न आरोपासारखा नसावा. ‘तुम्ही असे का वागलात?’ या प्रश्नाने माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. ‘तुम्हाला इथे काही अडचण होते आहे का?’ असे विचारले, तर तो खुर्ची सरकवू का म्हणून विचारतो. त्या दिवशी मी एवढे विचारले असते तर पुरले असते.

सावधगिरी सोडावी, असा याचा अर्थ नाही. एखाद्याच्या सोबतीत असुरक्षित वाटले तर तिथून निघावे; त्यासाठी त्याच्या स्वभावाचा निवाडा पूर्ण होण्याची गरज नसते. पण निघून गेल्यानंतर ‘मी तिथून निघालो’ एवढेच इतरांना सांगावे, ‘तो माणूस वाईट आहे’ असे सांगू नये, कारण ऐकीव मत त्या माणसाच्या आधी पोहोचते आणि ते पुसण्याची संधी त्याला क्वचितच मिळते.

मत टिपून ठेवायचे असल्यास त्याच्याशेजारी तारीख आणि प्रसंग लिहावा, आणि पुढच्या भेटीनंतर काय बदलले ते लिहिण्यासाठी खाली कोरी जागा ठेवावी. मुलाखती घ्यायच्या असतील, तर पहिला उमेदवार येण्यापूर्वी त्याच्या खुर्चीत मिनिटभर बसून यावे आणि खिडकीचा पडदा ओढून घ्यावा.