दिवाळीच्या सुट्टीत श्रीलंका: मुक्काम कुठे ठोकायचा?

व्हिसा, विमान तुम्ही बघालच. हॉटेलं मात्र इतक्यात शोधू नका. आधी श्रीलंकेचा नकाशा उघडा आणि मधल्या डोंगरांवर बोट ठेवा.

बेट महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही लहान, पण पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या कोलंबो, गॉल, मिरिस्साला झोडपतो, तेव्हा डोंगरापलीकडे पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला ऊन असतं. कोकण आणि माण तालुक्यात सह्याद्री जो फरक करतो, तोच इथे. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस. तेव्हा सगळं उलटं.

यावरून लोक सांगतात, "एक किनारा बंद असला की दुसरा चालू." दिवाळीच्या दिवसांत हे अजिबात खरं नाही. मी यावर विसंबून ऑक्टोबरअखेरीस मिरिस्साच्या चार रात्रींचे पैसे आधीच भरले होते. समुद्र गढूळ, किनाऱ्यावर लाल बावटा, दुपारी तीनला आभाळ भरून यायचं ते रात्रीपर्यंत कोसळायचं. मुलं खोलीत पत्ते खेळत बसली. पूर्वेकडे पळावं, तर तिकडेही पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्हींपैकी कुठलाच मोसमी वारा जम धरून नसतो. सकाळी जमीन तापते आणि दुपारी बेटावर कुठेही गडगडाटी सर येते. त्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की दोन-तीन दिवस झड लागते. कोलंबोच्या सर्वांत ओल्या महिन्यांत ऑक्टोबर येतो.

म्हणून या दोन महिन्यांत समुद्राच्या आशेने सहल आखूच नका. समुद्रापासून दूर, बेटाच्या मध्यभागी सिगिरिया किंवा दांबुल्लाला तीन-चार रात्री राहा. सिगिरियाचा खडक दार उघडताच चढा, पोलोन्नारुवा या जुन्या राजधानीचे अवशेष दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारी पाऊस आलाच तर दांबुल्लाची लेणी आहेत. आत डोक्यावर अख्खा कातळ असतो.

शेवटच्या दोन रात्री मोकळ्या ठेवा, किंवा फुकट रद्द होईल असंच हॉटेल घ्या. तिसऱ्या दिवशी अंदाज पाहून ठरवा. आभाळ निवळलं असेल तर त्रिंकोमाली सुमारे 100 किलोमीटर. नसेल तर कँडी. गाडीवाल्याला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी भाड्यावरून वाद होत नाही.

नुवारा एलिया आणि एलाच्या चहाच्या डोंगरांसाठी या दिवसांत हट्ट धरू नका. तिथे दरडी कोसळतात, रेल्वे थांबते. श्रीलंकेची राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था दरडींचे इशारे जाहीर करते. ते पाहिल्याशिवाय मुलांना घेऊन वर जाऊ नका.

दिवाळीऐवजी एप्रिलमध्ये जाणार असाल, तर सोपं आहे: पहिल्या पंधरवड्यात दक्षिण किनारा, महिनाअखेरीस पूर्व. 13-14 एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. दुकानं बंद आणि गाड्या तुडुंब, तेव्हा ते दोन दिवस प्रवास ठेवू नका.