गेम डिझाइनच्या पदवीला येताय? मग हे आधी वाचा

बारावीचं गणिताचं पुस्तक रद्दीत घालू नका. गेम डिझाइन आणि डेव्हलपमेंटच्या पहिल्याच वर्षी मला त्यातलं सदिशांचं प्रकरण पुन्हा काढावं लागलं. गेममधल्या पहारेकऱ्याच्या समोर खेळाडू आहे की पाठीमागे, हे कसं ठरवायचं? पहारेकरी बघतोय ती दिशा हा एक सदिश, त्याच्यापासून खेळाडूपर्यंतचा दुसरा. दोघांचा अदिश गुणाकार धन आला तर खेळाडू समोर, ऋण आला तर मागे. परीक्षेसाठी घोकलेलं सूत्र पडद्यावर मान वळवताना दिसलं, त्या दिवशी गणित मला पहिल्यांदा आवडलं.

माझा पहिला गेम म्हणजे कौलांवरून उड्या मारणारं मांजर. लॅबमध्ये छान चालायचा. सबमिशनच्या दिवशी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लावला आणि मांजर सुसाट सुटलं. लॅबमध्ये सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, चालायच्या, तिच्याकडे १४४. मी त्याला दर फ्रेमला ठरावीक अंतर पुढे ढकलत होते, म्हणून वेग थेट २.४ पट झाला. दोन फ्रेममधल्या वेळेने, म्हणजे डेल्टा टाइमने, गुणायचं राहिलं होतं. दुरुस्ती एका ओळीची, पण मार्क गेले ते गेलेच. तेव्हापासून दोन वेगळ्या मशीनवर चालवून बघितल्याशिवाय मी काहीच जमा केलं नाही.

इंजिनवरून, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवरून, वाद घालण्यात वेळ घालवू नका. युनिटी, अनरिअल, गोडो, कुठलंही एक घ्या आणि वर्षभर तेच वापरा. लॅपटॉप साधा असेल तर गोडो बरं. ते फुकट आहे, थ्रीडी मॉडेलिंगसाठी ब्लेंडरही फुकट. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट मात्र पहिल्याच आठवड्यात शिका.

खरं शिक्षण झालं ते प्लेटेस्टिंगमध्ये. गेम दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण तोंड उघडायचं नाही. फार अवघड जातं हे. माझा आतेभाऊ कौलाच्या कडेवरून दरवेळी पडायचा आणि म्हणायचा, "अगं, मी दाबलं होतं!" खरं तर बटण उशिरा दाबलं जात होतं, पण त्याला तसं वाटत नव्हतं, आणि खेळणाऱ्याला जे वाटतं त्याच्यासाठीच आपण गेम करतो. मग कड सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी घेता येईल अशी सवलत ठेवली. याला कोयोटी टाइम म्हणतात. साठाच्या हिशेबात जेमतेम सहा फ्रेम. पुढच्या रविवारी तो एकदाही न पडता पलीकडे गेला. काय बदललंय, ते त्याला कळलंही नाही.

शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी भलंमोठं शहर उभं करायला घेतलं आणि ते अर्धवट राहिलं. नोकरीच्या मुलाखतीत त्या शहराबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. त्यांनी मांजराचा गेम उघडला, दोन-तीन उड्या मारून पाहिल्या आणि विचारलं, "ही उडी इतकी सोपी का वाटते?" मी आतेभावाची गोष्ट सांगितली.