जीपीए 4.6, पण कितीपैकी?

अमेरिकेत पोरं अकरावीला गेली की पालकांच्या ग्रुपवर एकच विषय, जीपीए (म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी) किती. कुणी म्हणतं 4.6, कुणी 3.8, कुणाच्या शाळेत नुसतेच 100 पैकी मार्क, आणि मग 3.8 वाल्याची आई रात्रभर जागी. अहो पण 4.6 कितीपैकी, ते कुणी विचारतच नाही.

तर पहिलं काम, शाळेचं स्कूल प्रोफाइल मिळवा. शाळेच्या साइटवर काउन्सेलिंगच्या पानावर बहुतेक वेळा पीडीएफ असते, नसेल तर काउन्सेलरला मेल टाका. ट्रान्स्क्रिप्टबरोबर, म्हणजे शाळेच्या अधिकृत मार्कशीटबरोबर, हाच कागद कॉलेजला जातो, मग आपणही वाचलेला बरा ना. ए कितीपासून धरतात, एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) आणि ऑनर्सला (शाळेचेच जरा अवघड वर्ग) किती पॉइंट जास्त, आणि शाळेत मुळात एपी आहेत किती, हे त्यात बघायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण चारच एपी असलेल्या शाळेत तीन घेतले तर ते भरपूर झाले, पण वीस एपीच्या शाळेत तेच तीन जरा कमी दिसतात.

स्केलचं म्हणाल तर नॉर्थ कॅरोलिनात सरकारी हायस्कूलमध्ये आधी 93 ला ए होता, 2015-16 पासून 90 ला झाला. म्हणजे 91 वाल्याला एका वर्षी बी आणि पुढच्या वर्षी ए, अभ्यास तेवढाच! अॅडमिशनवाल्यांना हे माहीत असतं, म्हणून बरीच कॉलेजं आपापला हिशोब नव्याने मांडतात.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा हिशोब तर उघडच आहे, घरी कागदावर करून बघा. नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंतचे फक्त ए-जी विषय (या युनिव्हर्सिटीने प्रवेशासाठी ठरवलेले विषयगट) घ्या, प्लस मायनस खोडून टाका, ए ला 4, बी ला 3, सी ला 2. शाळेत ए मायनसचे 3.7 असतील तर इथे पूर्ण 4, पण बी प्लसचे 3.3 असतील ते 3 वर येतात. एपीत सी किंवा वर असेल तर एक पॉइंट जास्त, पण तो जास्तीत जास्त 8 सेमिस्टरला, त्यातले दहावीतले 4 च. कॅलिफोर्नियाबाहेरच्या शाळेचं साधं ऑनर्स असेल तर तो पॉइंट विसरा, शाळेच्या विषयाला एपी किंवा आयबीच (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) लागतं.

फॉर्म भरताना 100 वरून 4 वर स्वतः कन्व्हर्ट करत बसू नका प्लीज. कॉमन अॅपमध्ये (अनेक कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म) जीपीए, त्याची स्केल आणि वेटेड (एपी-ऑनर्सचे जास्तीचे पॉइंट धरून) की अनवेटेड असं वेगवेगळं विचारतात, ट्रान्स्क्रिप्टवर आहे तेच टाका. शाळा जीपीए देतच नसेल तर तो रकाना रिकामा सोडलेला चालतो.

आणि एखाद्या सेमिस्टरला आजारपणात वगैरे ग्रेड घसरली असेल तर फॉर्मच्या अॅडिशनल इन्फर्मेशनच्या रकान्यात दोन-तीन ओळी लिहा, काय झालं आणि पुढच्या सेमिस्टरला किती आले, बास.