तटस्थ देशाचा अभ्यास करताना आधी नकाशा उघडा

इतिहासात एम.ए. करताना पहिल्या महायुद्धाची कारणं मला तोंडपाठ होती. पण सेमिनारमध्ये बाईंनी विचारलं, "बेल्जियमचं कुणाशीच वैर नव्हतं, मग तो का भरडला गेला?" मी गप्प. माझ्या टिपणात बेल्जियमला जेमतेम एक ओळ होती.

त्या रात्री मी पुस्तक मिटलं आणि नकाशा उघडला. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं. १८७१ पासून फ्रान्स-जर्मनी वैर धुमसत होतं. फ्रान्सने सरहद्दीवर व्हर्दून, तूल, एपिनाल, बेलफोर अशी किल्ल्यांची रांगच उभी केली होती. फ्रान्सचा मित्र असलेल्या रशियाची फौज जमण्याआधी जर्मनीला फ्रान्सचा निकाल लावायचा होता, आणि किल्ले टाळून जाणारी सपाट वाट बेल्जियममधून होती. १८३९ च्या लंडन कराराने बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिली होती. त्यावर खुद्द प्रशियाची, म्हणजे पुढे ज्याच्याभोवती जर्मनी उभा राहिला त्या राज्याचीही सही होती. तरी २ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी ब्रुसेल्समध्ये जर्मनीचा निर्वाणीचा खलिता पोहोचला. वाट द्या, मुदत बारा तास.

बेल्जियमने नकार दिला. ४ तारखेला जर्मन सैन्य आत घुसलं आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरलं. ब्रिटनचं कारण निव्वळ कराराचं नव्हतं. आरमारी स्पर्धेत उतरलेल्या जर्मनीच्या हाती समोरचा किनारा जाणं त्याला परवडणारं नव्हतं. ब्रिटनसोबत, विचारणाही न होता, हिंदुस्थान ओढला गेला. ऑक्टोबर संपायच्या आत लाहोर डिव्हिजनचे जवान बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर लढत होते. हे वाचलं तेव्हा मला खरोखर हादरायला झालं.

मग मी प्रत्येक तटस्थ देशाबाबत एकच प्रश्न वहीत लिहू लागलो: लढणाऱ्यांना इथून काय हवंय? बेल्जियमकडून वाट हवी होती. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्वेचं उत्तर खनिजात सापडतं: हिवाळ्यात बाल्टिकच्या टोकाचं लुलेओ बंदर गोठलं की स्वीडनचं लोहखनिज नॉर्वेच्या नार्विकहून जर्मनीला जायचं. एप्रिल १९४० मध्ये ८ तारखेला ब्रिटनने नॉर्वेच्या समुद्रात सुरुंग पेरले आणि ९ तारखेला जर्मनीने हल्ला चढवला. अमेरिकेच्या बाबतीत मुख्यतः सागरी व्यापार.

आणि हॉलंड? माझ्या मते सगळ्यांत शिकवणारं उदाहरण हेच. फ्रान्सवरच्या हल्ल्याची योजना आखणारा जर्मन सेनाप्रमुख श्लीफेन याच्या मूळ आराखड्यात सैन्य डच भूमीतूनही जाणार होतं. त्याच्यानंतरचा सेनाप्रमुख मोल्टके याने ते वगळलं, कारण ब्रिटनने नाकेबंदी केली तर तटस्थ डच बंदरांतून माल येत राहावा, हॉलंड जर्मनीची श्वासनलिका व्हावा, असा त्याचा हिशोब होता. म्हणजे १९१४ मध्ये हॉलंड वाचला तो तटस्थच उपयोगी होता म्हणून. १९४० मध्ये तो हिशोब उरला नाही, आणि १० मे रोजी त्याच्यावरही आक्रमण झालं.

२३ जुलै ते ४ ऑगस्ट १९१४ या दिवसांचा तारीखवार तक्ता स्वतःच्या हाताने करा. तयार तक्ता वाचून त्यातली घाई जाणवत नाही. आणि कारणमीमांसेच्या जाड ग्रंथांना हात घालण्याआधी बेल्जियमने ३ ऑगस्टला सकाळी सात वाजता दिलेलं उत्तर मिळवून वाचा. खलिता मान्य केला तर राष्ट्राचा मान जाईल आणि युरोपप्रती असलेलं कर्तव्यही मोडेल, असं त्यात म्हटलंय. मी ते शेजारी नकाशा ठेवून वाचलं होतं.