स्टँडबाय पंप आहे ना, मग काळजी कसली? जोखीम मोजताना या चुका टाळा

"साहेब, 'बी' पण प्रेशर धरत नाहीये."

कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो तेव्हाची गोष्ट. रात्री पावणेतीनला कंट्रोल रूममधून फोन. कूलिंग वॉटरचा 'ए' पंप खडखडायला लागला म्हणून ऑपरेटरने 'बी' चालू केला, तर त्याचीही तीच रड. रिॲक्टरमध्ये बॅच अर्ध्यावर आणि तापमान चढतंय. नशीब, बॅच फारशी तापणारी नव्हती. फीड (रिॲक्टरमध्ये जाणारा कच्चा माल) बंद करून निभावलं. सकाळी कूलिंग टॉवरखालच्या टाकीत डोकावलं तर आतल्या पीव्हीसी फिलचे (पाणी पसरवून थंड करणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यांचे) तुकडे तुटून सक्शनच्या जाळीवर थापले गेलेले. दोन्ही पंपांना जाळी एकच.

आमच्या जोखमीच्या तक्त्यात या जागी मोठा सुबक हिशोब होता. एक पंप शंभरात एक दिवस बंद असतो, दुसराही तसाच. म्हणजे दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारात एक. पण असा गुणाकार करायचा तर दोन्ही पंपांचा एकमेकांशी काही संबंध नसावा लागतो. आमचे तर सख्खे भाऊ: टाकी एक, जाळी एक, वीज एकाच पॅनलवरून, ग्रीसही एकाच फिटरने एकाच डब्यातून भरलेलं. बिघाडांपैकी दहातला एक जरी अशा सामाईक कारणाने होत असेल, तरी दोन्ही एकदम बसण्याची शक्यता हजारात एकच्या घरात जाते. कागदावरच्या आकड्यापेक्षा दहापट जास्त.

पहिली चूक, आणि सगळ्यात महाग: "दोन आहेत" म्हणून निवांत बसणं

११ मार्च २०११ ला फुकुशिमा दाईइची अणुवीज केंद्रात भूकंपाने बाहेरची वीज गेली, तेव्हा डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे चालू झाले. मग त्सुनामी आली. बरेचसे जनरेटर आणि विजेचे पॅनल टर्बाइन इमारतींच्या तळघरांत होते, ते एकाच पाण्यात बुडाले. सहाव्या युनिटचा एक जनरेटर मात्र वाचला. तो हवेने थंड होणारा होता आणि वेगळ्या, उंचावरच्या इमारतीत होता. त्याच्या जोरावर पाचवं आणि सहावं युनिट सावरलं.

तुमच्याकडे हे तपासायला सॉफ्टवेअर लागत नाही. स्टँडबाय असलेल्या प्रत्येक जोडीसाठी एक कागद घ्या आणि दोघांत काय काय सामाईक आहे ते लिहा: वीज, इन्स्ट्रुमेंट एअर (व्हॉल्व्ह चालवणारी दाबाची हवा), पाणी, जागा, बनावट, देखभाल करणारा माणूस, पावसात तुंबणारं गटार. हे ऑफिसात बसून लिहू नका, पाइपवर हात ठेवत चालत जाऊन लिहा. आमच्या पी अँड आयडीवर (प्लांटच्या पाइप-उपकरणांच्या ड्रॉइंगवर) दोन जाळ्या काढलेल्या होत्या. प्रत्यक्षात कुणीतरी कधीतरी एक काढून टाकली होती.

न तपासलेलं संरक्षण हिशोबात धरणं

इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या तेल डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे एका टाकीत पेट्रोल भरणं चालू होतं. पातळी दाखवणारा गेज अडकला आणि पडद्यावरचा आकडा हलेना, टाकी मात्र भरतच राहिली. हा गेज त्याआधीच्या साधारण साडेतीन महिन्यांत १४ वेळा अडकला होता. तरी खरं संरक्षण वेगळं होतं: टाकी काठोकाठ आली की भरणं थांबवणारा स्वतंत्र स्विच. या स्विचला तपासणीसाठी एक दांडी होती आणि ती कामाच्या जागी अडकून राहावी म्हणून कुलूप लावायचं होतं. ते कुलूप चोरीबिरीसाठी असेल असं समजून लावलंच गेलं नाही. दांडी घसरली, स्विच निकामी झाला. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर सांडलं आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. रविवारची पहाट होती, म्हणून माणसं गेली नाहीत, पण ४३ जण जखमी झाले.

भोपाळची गोष्ट आपल्याला नव्याने सांगायला नको. पण १९८४ च्या त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद केलेली होती, स्क्रबर वायू पकडायला तयार नव्हता आणि फ्लेअरकडे (वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे) जाणारा पाइप जोडलेलाच नव्हता. ड्रॉइंगवर हे सगळे अडसर उभे होते.

बंद पडलेला पंप आवाज करतो. बंद पडलेला इंटरलॉक (धोका दिसला की आपोआप काम थांबवणारी यंत्रणा) गप्प असतो, आणि त्याची गरज लागेपर्यंत गप्पच राहतो. म्हणून त्याचा भरवसा तपासणीच्या अंतरावर ठरतो. समजा एखाद्या स्विचमध्ये असा गुप्त बिघाड सरासरी ५० वर्षांत एकदा येतो. दरवर्षी तपासलात तर बिघाड सरासरी सहा महिने लपून राहील, म्हणजे ऐन वेळी दगा देण्याची शक्यता साधारण शंभरात एक. शटडाऊन (देखभालीसाठी प्लांट बंद ठेवणं) पुढे ढकलत तीच तपासणी पाच वर्षांनी केलीत, तर वीसात एक. स्विच तोच, कंपनी तीच, प्रमाणपत्रही तेच.

आणि तपासणी म्हणजे काय, हेही बघा. पॅनलमध्ये तारा जोडून सिग्नल दिला, दिवा लागला, "ओके" लिहिलं, ही दिव्याची तपासणी झाली. फ्लोट खरोखर उचला, व्हॉल्व्ह खरोखर बंद होतोय का ते बघा, आणि तपासणीसाठी लावलेला जम्पर (संरक्षणाला वळसा घालणारी तात्पुरती तार) जाताना काढा. (हे शेवटचं वाक्य हसण्यावारी नेऊ नका. विसरलेले जम्पर मी स्वतः काढले आहेत.)

टिकलेल्यांना हिशोबातून वगळणं

ही चूक हुशार मंडळीही करतात. दहा पंपांना नवे मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टपाशी गळती रोखणारे भाग) बसवले. चार सील ८, १०, १२ आणि १४ महिन्यांनी गेले. बाकीचे सहा १८ महिने झाले तरी ठणठणीत. एक्सेलमध्ये बिघडलेल्या चारांची सरासरी काढली: ११ महिने. साहेबांनी फर्मान काढलं की दर दहा महिन्यांनी सगळे सील बदला.

खरा हिशोब असा. बिघडलेल्यांचे ४४ महिने, टिकलेल्यांचे १०८, एकूण १५२. बिघाड चार. म्हणजे सरासरी ३८ महिन्यांत एक बिघाड. त्या फर्मानामुळे चांगले सील काढून फेकले जातील, आणि दर वेळी पंप उघडताना अलाइनमेंट चुकण्याचा नवा धोका वर. अमेरिकेत विमानांच्या भागांवर झालेल्या अभ्यासाचा १९७८ चा अहवाल याच दुखण्यावर बोट ठेवतो: वय झालं म्हणून बिघडण्याची शक्यता वाढते असे प्रकार फक्त ११ टक्के निघाले. ६८ टक्के भाग उलट सुरुवातीच्या काळातच जास्त बिघडत होते, आणि ते दिवस पार केले की वय त्यांना फारसं बाधत नव्हतं.

मुळात नोंदीच धड नसतात, हा त्यातला वैताग. दुरुस्तीच्या नोंदीत बिघाडाचं कारण निवडायला यादी असते, आणि जवळपास प्रत्येक कारखान्यात सगळ्यात लोकप्रिय कारण एकच: "इतर".

एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) म्हणजे आयुष्य समजणं

कॅटलॉगमध्ये एक लाख तास लिहिलंय, म्हणजे अकरा वर्षं बघायला नको? तसं नाही. हजार नग शंभर तास चालवले आणि एक बिघडला, तरी एक लाख तास लिहिता येतं. त्यातला एकही नग पाच दिवससुद्धा चाललेला नसतो. बिघाडाचा दर कायम एकसारखा धरला तरी ते एक लाख तास उलटेपर्यंत शंभरातले ६३ नग गेलेले असतात.

रंग आधी ठरवणं, आकडे मागून

रिस्क मॅट्रिक्सच्या (शक्यता आणि तीव्रता यांच्या रंगीत तक्त्याच्या) बैठकीत बसला असाल तर हे ओळखाल. चौकोन लाल आला की वरच्या साहेबांची सही लागते, बजेट लागतं. मग कुणीतरी म्हणतं, "शक्यता चार कशाला, तीन घ्या." झाला पिवळा. आकडा बदलण्याआधी तो का बदलला हे कारण लिहून सही घ्या. निम्मी बार्गेनिंग तिथेच थांबते.

एफएमईए, म्हणजे बिघाडांचे प्रकार आणि परिणाम तपासण्याची पद्धत, त्यातला तीव्रता × शक्यता × वेळीच न सापडण्याची शक्यता हा गुणाकारही असाच फसवतो. १० × २ × ३ = ६० आणि ४ × ५ × ४ = ८०. पहिल्यात माणूस मरू शकतो, दुसऱ्यात बॅच वाया जाते, आणि काम दुसऱ्याचं आधी निघतं. तीव्रता ९ किंवा १० असेल ते मुद्दे गुणाकारात न घालता वेगळे काढा.

एकदा केलेला अभ्यास फाइलमध्ये ठेवणं

फ्लिक्सबरोचा रासायनिक कारखाना, इंग्लंड, १ जून १९७४. सहापैकी पाचव्या रिॲक्टरला तडा गेला म्हणून तो काढून मधे २० इंची तात्पुरता पाइप टाकला होता. त्याचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. त्या पाइपने २८ जीव घेतले. तुमच्या हॅझोपची, म्हणजे प्लांटमधले धोके शोधण्याच्या अभ्यासाची, तारीख बघा, आणि त्यानंतर प्लांटमध्ये झालेले "तात्पुरते" बदल मोजा.

आमच्या त्या रात्रीनंतर मी जुनी लॉगबुकं चाळली. अकरा दिवस आधीच्या दुसऱ्या पाळीत ऑपरेटरने लिहून ठेवलं होतं: "टाकीत फिलचे तुकडे दिसतात." खाली कुणाची तरी सही. हॅझोपला आम्ही सात जण होतो, सातही इंजिनिअर.

पुढच्या खेपेला त्या ऑपरेटरला बोलावलं. दोन जाळ्या बसवल्याचं मी ऐटीत सांगितलं. तो बराच वेळ ड्रॉइंगकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "पण साहेब, टाकी एकच आहे ना अजून?"

टाकीच्या मधली भिंत पुढच्या शटडाऊनला बांधली.