थंड प्रदेशातील घराला हीट पंप मानवेल का, हे कसे ठरवावे

ओटावा किंवा टोरंटोच्या परिसरात घर असलेल्या मराठी कुटुंबांमध्ये हीट पंपाचा, म्हणजे हिवाळ्यात बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणणाऱ्या आणि उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या विजेच्या यंत्राचा, विषय निघाला की "इथल्या थंडीत तो चालत नाही" हे वाक्य हमखास ऐकू येते. जुन्या यंत्रांच्या बाबतीत ते बरेचसे खरे होते. मात्र थंड हवामानासाठी मुद्दाम बनवलेली, वेग कमी-जास्त करू शकणाऱ्या कॉम्प्रेसरची आजची यंत्रे उणे 25 अंश सेल्सिअसपर्यंत, आणि काही त्याहूनही खाली, उष्णता देत राहतात. नॉर्वेमध्ये तर निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत. म्हणून निर्णय घेताना तीन आकडे हाताशी असावेत: कडाक्याच्या थंडीत आपले घर ताशी किती उष्णता गमावते, निवडलेले यंत्र नेमक्या त्याच तापमानाला किती उष्णता देते, आणि ती उष्णता सध्याच्या इंधनाच्या तुलनेत काय भावाने पडते.

यांपैकी पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा असूनही बहुतेक जण तो काढतच नाहीत. अनेक कंत्राटदार घराचे चौरस फूट विचारून किंवा जुन्या फर्नेसवरची (गॅस जाळून घरभर गरम हवा सोडणाऱ्या यंत्रावरची) पाटी वाचून यंत्राचा आकार सांगतात. पण जुनी फर्नेस पुष्कळदा गरजेपेक्षा खूपच मोठी बसवलेली असते, त्यामुळे तिच्यावरून घराची गरज कळत नाही. त्यापेक्षा गॅसचे बिल अधिक खरे बोलते. ओटावातील एका घराचे उदाहरण घेऊ. जानेवारीत 330 घनमीटर गॅस जळला आणि जुलैच्या बिलात, म्हणजे फक्त गरम पाणी आणि स्वयंपाक यांसाठी, 40 घनमीटर दिसतो असे धरले, तर घर तापवण्यासाठी 290 घनमीटर लागला. एका घनमीटर गॅसमध्ये सुमारे साडेदहा किलोवॅट-तास उष्णता असते आणि चांगल्या फर्नेसमधून त्यातील सुमारे 10 घरात पोहोचते, म्हणजे महिन्याची 2,900 झाली. जानेवारीच्या 744 तासांनी भागल्यास सरासरी 3.9 किलोवॅट येतात. त्या महिन्याचे सरासरी तापमान उणे 10 असेल, तर 18 अंशांपासून (अशा हिशेबातील नेहमीचे आधार-तापमान) मोजलेला फरक 28 अंशांचा होतो, आणि प्रत्येक अंशामागे घर सुमारे 0.14 किलोवॅट गमावते हे कळते. ओटावात यंत्रणेची आखणी साधारण उणे 25 अंशांसाठी करतात (टोरंटोत सुमारे उणे 18 ते 20, विनिपेगमध्ये उणे 33 च्या आसपास). उणे 25 ला फरक 43 अंशांचा, म्हणून गरज 6 किलोवॅटची, म्हणजे ताशी सुमारे 20,500 बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे जुने इंग्रजी एकक). ज्या घराच्या तळघरात 60,000 बीटीयूची फर्नेस उभी आहे, त्याच्या मालकाला हा आकडा पाहून आश्चर्य वाटेल, पण तो त्याच्याच बिलातून आलेला आहे. अंतिम निवडीपूर्वी कंत्राटदाराकडून सीएसए एफ280 या कॅनडातील मानक पद्धतीचा उष्णताहानीचा हिशेब लेखी मागावा आणि तो आपल्या आकड्याशी ताडून पाहावा. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर तिचे कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसऱ्या आकड्यासाठी जाहिरातीतील "दोन टन", "तीन टन" या शब्दांवर विसंबू नये. यंत्राची ही नाममात्र क्षमता कडाक्याच्या थंडीत मोजलेली नसते, आणि बाहेर जसजसे गार होते तसतशी मिळणारी उष्णता उतरत जाते. उत्पादकाच्या तांत्रिक तक्त्यात उणे 15 आणि उणे 25 अंशांना मिळणारी कमाल उष्णता वेगवेगळी दिलेली असते. आपला 6 किलोवॅटचा आकडा त्याच ओळीशी जुळवावा. शेजारच्याच रकान्यात सीओपी असतो, म्हणजे एक एकक वीज खर्चून किती एकके उष्णता मिळते ते. शून्याच्या वर तो तीन किंवा अधिक असतो, उणे 15 च्या सुमारास दोनच्या आसपास येतो, आणि साध्या विजेच्या हीटरचा तो कायम 1 असतो. यंत्र हवेपेक्षा मोठे घेणेही हिताचे नाही, कारण सौम्य दिवसांत ते सारखे चालू-बंद होत राहते आणि उन्हाळ्यात खोलीतील दमटपणा नीट काढत नाही.

आता खर्च. येथील दर उदाहरणादाखल घेतले आहेत; आपल्या बिलातील, सर्व आकार धरून येणारे दर घालावेत. वीज किलोवॅट-तासाला 14 सेंट आणि गॅस घनमीटरला 40 सेंट असेल, तर गॅसची उष्णता किलोवॅट-तासाला 4 सेंटला पडते, आणि हीट पंपाला तिची बरोबरी करण्यासाठी 14 भागिले 4, म्हणजे साडेतीनचा सीओपी लागतो. तो शरद ऋतूत मिळेल, जानेवारीत मिळणार नाही. गॅस 55 सेंट झाला, तर अडीचचा सीओपी पुरतो. कॅनडात घरगुती इंधनावरील कार्बन आकार 1 एप्रिल 2025 पासून बंद झाल्याने जुने हिशेब गॅसच्या बाजूने सरकले आहेत, म्हणून त्याआधीचे सल्ले तपासून घ्यावेत. तेलावर, प्रोपेनवर किंवा विजेच्या बेसबोर्ड हीटरवर (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या) चालणाऱ्या घरांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे: तिथे हीट पंप बहुधा पहिल्या हिवाळ्यापासूनच बिल कमी करतो, आणि अशा घरांनी फार घोळ घालू नये असे मला मनापासून वाटते.

गॅस असलेल्या घरांसाठी माझे मत असे की, जुना एसी बदलायची वेळ आली असेल तेव्हा त्याच्या जागी हीट पंप बसवावा आणि चालू स्थितीतील फर्नेस राहू द्यावी. उन्हाळ्यात गारवा तोच देतो, उणे पाच-सातपर्यंत घरही तोच तापवतो, आणि त्याखाली फर्नेस सूत्रे हाती घेते. हा बदल कोणत्या तापमानाला व्हावा ते थर्मोस्टॅटमध्ये ठरवता येते, आणि ते कंत्राटदाराच्या सवयीवर न सोडता वरच्या हिशेबावरून ठरवावे. फर्नेस काढून टाकायचीच असेल, तर पूरक विजेच्या हीटरचा विचार करावा लागतो. 10 किलोवॅटचा हीटर एकटाच 42 अँपिअरच्या आसपास घेतो; घराच्या 100 अँपिअरच्या विजेच्या पॅनलवर त्याच्या जोडीला विजेची शेगडी, ड्रायर आणि गाडीचा चार्जर असेल, तर पॅनल बदलण्याचा खर्चही धरावा.

या सगळ्याआधी इन्सुलेशन. अ‍ॅटिकमधील (छपराखालच्या पोकळीतील) इन्सुलेशन वाढवले आणि फटी बुजवल्या की 6 किलोवॅटचे 5 होऊ शकतात, आणि यंत्र एक माप लहान घेता येते. ब्लोअर डोअर चाचणीत दारात पंखा लावून घरातील दाब 50 पास्कलने कमी करतात. त्या वेळी खिडकीच्या चौकटीजवळ किंवा अ‍ॅटिकच्या झाकणापाशी ओला हात धरला, तर गळती तिथल्या तिथे जाणवते. फटी बुजवल्यावर घरात ताजी हवा येण्याची यांत्रिक सोय नीट चालू आहे ना, हेही पाहावे, कारण आपल्या फोडणीसाठी मोठा एक्झॉस्ट लावला की बंदिस्त घर हवा दुसरीकडून ओढू लागते, आणि जुन्या गॅस गीझरचा धूर उलटा घरात येण्याचा धोका असतो.

डक्टही, म्हणजे घरभर हवा नेणारे पत्र्याचे मार्ग, तपासून घ्यावेत. फर्नेसची हवा 50 अंशांहून गरम येते, तर हीट पंपाची साधारण 35 ते 45 अंशांची, म्हणून ती अधिक प्रमाणात आणि अधिक वेळ वाहावी लागते. अरुंद डक्टमध्ये ती आवाज करते आणि वरच्या मजल्यावरील खोल्या गार राहतात. डक्ट नसलेल्या घरांत भिंतीवरचे स्प्लिट युनिट हा सरळ मार्ग आहे.

बाहेरचे युनिट स्टँडवर, बर्फ साचतो त्या उंचीच्या वर आणि छपराच्या धारेपासून दूर हवे. दमट थंडीत त्याच्या कॉइलवर हिम धरते. ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलटे चालते, तेव्हा वाफेचे लोट उठतात आणि खाली पाणी गळते. तो बिघाड नव्हे, पण ते पाणी पायवाटेवर गोठणार नाही अशी जागा निवडावी.

डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भारतात जाणाऱ्यांनी थर्मोस्टॅट फार खाली उतरवू नये. हीट पंप घर सावकाश तापवतो, आणि एकदम मोठी झेप मागितली की महागडा विजेचा हीटर चालू होतो. 15-16 अंश ठेवावेत, तापमान घसरल्यास फोनवर इशारा देणारा संवेदक लावावा, आणि किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन मुख्य पाण्याचा नळ कुठे बंद करायचा ते त्यांना दाखवून ठेवावे.