आगोटीच्या आधी खुराडं, मग कोंबड्या

रोहिणी लागल्या की कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची धांदल सुरू होते. लाकडं आत जातात, सुकी मासळी डब्यात जाते, घर शेकारून होतं. याच पंधरवड्यात बाजारातून चार-सहा कोंबड्या आणणारे आणि मग त्या ठेवायच्या कुठे म्हणून धावपळ करणारे दर वर्षी भेटतात. मृगाची पहिली सर आली की कोंबड्या पडवीत येतात आणि आठवड्याभरात घरात कुरकुर सुरू होते. म्हणून आधी खुराडं बांधा. ते कोरडं राहतंय याची खात्री झाली की मगच कोंबड्या आणा.

सहा कोंबड्यांचा हिशेब धरू. दिवसभर परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती अडीच चौरस फूट जागा पुरते. म्हणजे ४ बाय ४ फुटांचं खुराडं झालं. कोंबड्या दिवसाही बांधीव जाळीतच राहणार असतील, तर खुराड्याला लागून प्रत्येकी ८ ते १० चौरस फूट अंगण जोडावं लागेल. खुराड्याचा तळ जमिनीपासून दोन फूट वर घ्या. खाली चिऱ्याचे चार खांब उभे केले तर वाळवी सहज लागत नाही. लाकडी पाय असतील तर त्यांच्याखाली पाणी आणि थोडं जळकं ऑईल घातलेल्या वाट्या ठेवा, मुंग्या वर चढत नाहीत. लाल मुंग्यांनी नुकती फुटलेली पिल्लं खाल्लेली मी पाहिली आहेत.

दार पूर्वेला ठेवा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजू फळ्यांनी बंद करा आणि त्या बाजूंना छप्पर तीन फूट पुढे काढा. पागोळ्यांचं पाणी खुराड्याखाली शिरू नये म्हणून भोवती वीतभर चर मारा.

आता नेमकी चूक कुठे होते ते सांगतो. पाऊस लागला की लोक खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात. कोंबड्यांना थंडी वाजेल ही भीती. पण पिसं भरलेली मोठी कोंबडी आपल्याकडच्या पावसाळी गारव्याला सहज तोंड देते. तिला जाच होतो तो ओलीचा आणि कोंडलेल्या हवेचा. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे पाणावतात, नाक गळायला लागतं आणि मग खुरखुर सुरू होते. सकाळी दार उघडल्या उघडल्या कोंबडीच्या उंचीला तोंड नेऊन एक श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर खुराडं चुकलंय. छपराच्या लगत चारही बाजूंनी सहा-आठ इंचांची जाळीची पट्टी सोडा. हवा वरून खेळेल आणि कोंबड्यांच्या अंगावर झोत येणार नाही. फार झोडपलं तर पश्चिमेला झावळांचा झाप टेकवा आणि उघडीप मिळाली की काढून ठेवा.

तळाला भाताचं तूस तीन इंच पसरा. ते दोन दिवसांआड वर-खाली करा, गोळे धरले की काढून टाका. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात आणि पहिला फटका लहान पिल्लांना बसतो.

बसायला दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली दांडी हवी. प्रत्येकीला ८ ते ९ इंच धरा. चार फुटांत सहा जणी ऐसपैस मावत नाहीत, म्हणून दोन दांड्या लावा, पण एकाच उंचीवर. एक वर, एक खाली ठेवली की रोज संध्याकाळी वरच्या जागेसाठी मारामारी. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद अशी दोन खोकी दांडीपेक्षा खाली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

जाळीत पैसे वाचवू नका. माझ्या पहिल्या खुराड्याला मी षटकोनी, स्वस्तातली जाळी मारली होती. एका सकाळी दार उघडायला उशीर झाला. मुंगसाने तळातला खिळा सुटलेला कोपरा उचकटला आणि तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, संपवल्या. खाल्ली त्यातली अर्धीच. तेव्हापासून अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी वापरतो, कडेला पट्टी ठोकून. रात्री उदमांजर आणि अंड्यांसाठी साप येतो, तोही या जाळीने अडतो. दाराला मात्र कडी हवीच, सुतळीचा भरवसा नाही.

पावसाच्या तोंडावर एक दिवसाची पिल्लं आणू नका. त्यांना ऊब लागते आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्या. गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंड्यांना देशीपेक्षा बऱ्या, पण सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून एखादी देशी सोबत असू द्या, २१ दिवस रवण ती धरेल, म्हणजे अंडी उबवेल. अंडी फुटायला हवी असतील तरच कोंबडा पाळा, नुसत्या खाण्याच्या अंड्यांना त्याची गरज नाही.

मानमोडीची (राणीखेतची) आणि देवीची लस टोचलेली आहे का, ते घेतानाच विचारा. नसेल तर वाडीतल्या सगळ्यांनी मिळून लस आणा. कुपीत शंभराच्या वर डोस असतात आणि फोडल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. संध्याकाळी कोंबड्या आत शिरल्या की घरोघर फिरून टोचायचं. जंताचं औषधही पाऊस लागण्याआधीच होऊ द्या. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्या ओढ्यात न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच महाराष्ट्रातल्या नवापुरात सापडला होता.

खाद्य पंधरा दिवसांचंच आणा, बुरशी धरलेलं फेकून द्या. कवच पातळ पडत असेल तर तिसऱ्यांच्या शिंपा भाजून, भरड कुटून वाटीत ठेवा.

खुराडं उभं राहिलं की पश्चिमेकडून पाच-सहा बादल्या पाणी मारा आणि आत हात फिरवून बघा. रात्री आत बॅटरी लावून ठेवा आणि बाहेरून चक्कर मारा. जिथून उजेडाची बारीक रेघ दिसेल तिथे खडूने खूण करून सकाळी पट्टी ठोका. वरची जाळी तेवढी सोडून. मग कोंबड्या आणा, त्याही संध्याकाळीच, आणि पहिले चार-पाच दिवस आतच ठेवा. पाचव्या दिवशी दुपारनंतर दार उघडलंत तर अंधार पडायच्या आत त्या आपल्या पायांनी परत येतील.